दिव्याखालचे बोके

"दिवे लागले रे लागले की बोके हजर. खालच्या दिव्याजवळ तर इतके जमतात गं अक्का, शेवटची पायरीच दिसत नाही."

आई बाल्कनीत उभी राहून फोनवर तिच्या मोठ्या बहिणीशी बोलत होती. मी आत चहा गाळत होते. मला हसूच आलं. आमच्या बनशंकरीच्या गल्लीत मांजरांना तोटा नाही. दुधाच्या बूथमागे त्यांचं अख्खं खानदान राहतं. मला वाटलं, ती त्यांचीच तक्रार करतेय. चहा घेऊन गेले तोवर तिने फोन ठेवला होता. "काय म्हणत होती दोड्डम्मा?" असं मी विचारलं, तर ती नेहमीपेक्षा जरा लवकर म्हणाली, "काही नाही की. गुडघे."

दोड्डम्मा म्हणजे आईची हीच बहीण. ती के. आर. पुरमला राहते. खरं तर मी तिला मावशी म्हणायला हवं, पण आमचं घराणं इथे कानडी मुलखात इतक्या पिढ्या राहिलंय की नाती निम्मी कानडीत गेली आहेत. वडिलांना मी अण्णा म्हणते. आई मात्र आईच राहिली.

आई कप घेऊन आत गेल्यावर मी सहज खाली वाकून बघितलं. दिवा लागलेला होता. त्याच्याजवळ आईची स्कूटर, पलीकडे जिन्याची शेवटची पायरी, आणि पायरीवर अंगाची गुंडाळी करून झोपलेलं गल्लीतलं तपकिरी कुत्रं. ते कुत्रं जिथे झोपतं तिथे मांजर फिरकत नाही, हे गल्लीतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे.

दिव्याखाली एकही बोका नव्हता.

मग मला आठवलं की हा शब्द आईला मीच दिला होता, आणि त्याचा मांजरांशी काही संबंध नव्हता. माझ्या हातातला चहा बराच वेळ तसाच राहिला.

मी कॅमेरा हातात घेतला तो बोलायला लागू नये म्हणून. लग्नाकार्यात कॅमेरा डोळ्याला लावला की कुणी विचारत नाही, काय गं, कुठे नोकरी, किती पगार, कधी बार उडवायचा. "ती बोलत नाही, फोटो काढते," असं आईच सांगून टाकते. माझ्या वतीने बोलण्याचं काम लहानपणापासून तिच्याकडे आहे. रिक्षावाल्याला, शिंप्याला, शाळेतल्या बाईंना, डॉक्टरांना. इंग्रजी शाळेत मला बोलायला शिकवलं ते इंग्रजीत, आणि घरी बोलायची गरजच पडली नाही. आई होती.

या वर्षी उगादीच्या आसपास मी एक जुनी रशियन लेन्स घेतली. काळी, जड, हाताला गार लागणारी. तिला आजच्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये एक अडॅप्टर लावावा लागतो, आणि फोकस स्वतःच्या बोटांनी करावा लागतो. तशी ती सदोषच. नवी चांगली लेन्स मागचं सगळं सायीसारखं मऊ करून टाकते. हिला ते जमत नाही. हिच्यात मधला भाग लख्ख येतो, पापणीचा केस न् केस मोजता यावा इतका, आणि कडेला जे काही असेल ते माणसाभोवती फिरायला लागतं. पानं असली तर पानांचा भोवरा होतो. हा दोषच हवा म्हणून लोक तिला शोधत असतात.

तिला खेळवायची कशी ते मी हळूहळू शिकले. माणूस जवळ उभा करायचा, मागे थोड्या अंतरावर बारीक पानांचं झाड हवं, पानांतून उजेडाची भोकं दिसायला हवीत. उजेड आत सोडणारी आतली पाती पूर्ण उघडायची. मग भोवरा सुटतो. पाती मिटत आणली की तो थांबतो, आणि झाड पुन्हा नुसतं झाड होतं. सुरुवातीला मी प्रत्येक फोटोत भोवरा घालायचे, नवं नवं तिखट सगळ्यात घालावं तसं. पुढे कळलं की तो सगळ्यांना शोभत नाही. जो माणूस मध्ये अगदी स्थिर उभा राहू शकतो, त्यालाच शोभतो. आई तशी उभी राहायची.

पार्कातल्या करंजाच्या झाडापुढे, ज्याला आम्ही होंगे म्हणतो, तिचा एक फोटो काढला. दोड्डम्मा आली होती त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर मी तो दोघींना दाखवला.

"हे मागे काय झालंय? हात हलला काय गं तुझा?" दोड्डम्माने विचारलं.

"नाही. त्याला बोके म्हणतात. मागचं जे धूसर असतं ना, ते."

"काय म्हणतात?"

"बोके."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तो शब्द इंग्रजी व्हिडिओंत ऐकलेला होता. तो मराठी कानाला कसा लागेल, याचा विचार कधी केलाच नव्हता.

"कुठायत बोके?" दोड्डम्माने चष्मा वर करून फोटो नाकाला लावला. "मला तर एक मांजर दिसेना."

"स्वल्प नीट बघ की अक्का," आई म्हणाली. "ह्या कोपऱ्यातले उजेडाचे ठिपके बघ. उभट, दोन्हीकडून टोकदार. बोक्यांचे डोळे नाहीत तर काय? अंधारात दबा धरून बसलेत मेले."

मी चाट पडले. कडेच्या त्या ठिपक्यांना फोटो काढणारे खरंच मांजराचे डोळे म्हणतात. तसं मी सांगितलं, तेव्हा आई इतकी खूश झाली की लेन्स जणू तिनेच घडवली होती. दोड्डम्मा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "तुझ्या पोरीला शिकवून सवरून शेवटी बोक्यांचे फोटो काढायला लावलंस!" पुढे तो घरचा शब्दच झाला. "बोके घालून काढ गं," असं आई फोटोला उभी राहताना म्हणायची.

पण त्या रविवारी हसणं ओसरल्यावर तिने तो फोटो पुन्हा हातात घेतला होता, आणि स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली होती, "अगदी असंच असतं."

मला ती शाबासकी वाटली होती.

बाल्कनीतल्या त्या संध्याकाळनंतर मी आईकडे बघायला लागले. बघण्याची मला सवय आहे. न बोलणारी माणसं दुसरं करतात काय? पण आतापर्यंत मी तिला भोवऱ्याच्या मध्ये उभी करून बघत होते. आता तिच्या कडेला बघायला लागले. टेबलावरचा पाण्याचा तांब्या घेताना तिची बोटं आधी टेबलावरून सरकत जायची, मग तांब्याला लागायची. डावीकडून कुणी हाक मारली की ती अख्खी मान वळवायची, गळ्यात काही अडकल्यासारखी. जिना उतरताना एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर. संध्याकाळी कपाळ दाबून बसायची आणि म्हणायची, "उन्हात फिरले की." दिव्याकडे बघताना डोळे बारीक करायची.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त घाबरवून गेलं, कारण त्याचा अर्थ मला माझ्या बोटांतून कळत होता. मी लेन्सची पाती मिटते तेव्हा नेमकं हेच करते. भोवरा थांबवायला.

ऑफिस मारतहळ्ळीला. ऑफिसची बस संध्याकाळी मला बनशंकरीच्या सिग्नलजवळ सोडते, आणि तिथून घरी न्यायला आई स्कूटर घेऊन येते. मला स्कूटर येत नाही. शिकायला गेले होते, पण पहिल्याच दिवशी मागून बसने हॉर्न दिला आणि मी गाडी सोडून फुटपाथवर चढले. आईने मात्र माझ्या जन्मानंतर, सासरी सगळे नको म्हणत असताना, लायसन्स काढलं होतं. भाजी, बँक, भजनाचा वर्ग, मैत्रिणी, सगळं स्कूटरवर. स्कूटरवर बसलेली आई घरातल्या आईपेक्षा ताठ दिसते.

त्या आठवड्यात मागे बसून घरी येताना मी तिचा खांदा धरून बसायचे. मेट्रोच्या खांबांमधून गाड्यांचे दिवे एकात एक मिसळून यायचे आणि मला वाटायचं, हिला आत्ता काय दिसतंय? प्रत्येक दिव्याचा केवढा गोळा झालाय? एका वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला. तो मला कितीतरी आधी दिसला होता. मला ओरडायचं होतं. घशातून काही निघालं नाही. सायकलवाल्याने स्वतःच पाय टेकले, हँडल वळवलं, आणि आईच्या पदराला घासून तो पुढे गेला.

"कुठून आला हा?" आई म्हणाली. मग मोठ्याने, त्याच्या पाठीला, कानडीत, "कण्ण काणल्वा?" दिसत नाही का?

मी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही. माझी बोटं तिला टोचत असणार.

घरी ती देवापुढे दिवा लावून स्वयंपाकघरात आली तेव्हा मी ओट्याच्या डाव्या टोकाला उभी होते. हात लांबवला तर लागावा इतक्या अंतरावर. पातेलं उतरवत तिने हाक मारली, "अगं, ताटं घेतेस ना?" मी होते तशीच उभी राहिले. मुद्दाम नाही. मला पटकन ओ देता येत नाही, हे तिला माहीत आहे. ती थांबली, दाराकडे बघितलं, पुन्हा हाक मारली. "कुठे गेली ही?"

मी तिच्या शेजारी होते. श्वास घेत होते. तिच्या दृष्टीने मी तिथे नव्हतेच.

मी चमचा ओट्यावर आपटला. ती दचकली आणि हसली. "भूत आहेस नुसती. आवाज करत जा की स्वल्प."

त्या दिवसापासून मी घरात आवाज करत चालायला लागले. पैंजण कपाटात पडून होते, ते काढून घातले. अण्णा चिकपेटेतल्या दुकानातून आल्यावर म्हणाले, "अरे वा, आज लक्ष्मी आली घरात!" आई हसली नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, हिला कळलंय की मला कळलंय.

तरी माझी खात्री नव्हती. खात्री करायची तर विचारायला हवं, आणि ते मला येत नव्हतं. म्हणून मला जे येत होतं ते मी केलं. संध्याकाळी दिवे लागल्यावर मी कॅमेरा घेऊन जिन्यात गेले. आई माझ्याहून बुटकी आहे, म्हणून गुडघे वाकवून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आले, आणि खालच्या दिव्याकडे लेन्स धरली. आधी पाती मिटलेली ठेवून एक फोटो काढला. पायऱ्या स्वच्छ, दिव्याभोवती बारीक चांदणी. मग पाती उघडत गेले. शेवटच्या फोटोत, फोकस अगदी जवळ आणल्यामुळे, दिवा ताटाएवढा झाला होता, कडेच्या खिडक्यांचे उजेड उभट, टोकदार होऊन गोल फिरत होते, आणि शेवटची पायरी त्यात विरघळून गेली होती. जागा तीच, वेळ तीच. मी बोटांनी कडं फिरवलं होतं, एवढंच.

लॅपटॉपवर फोटो लावून आईला बोलावलं. "ह्यातला कुठला ठेवू?"

ती खुर्ची ओढून अगदी समोर बसली. पहिला फोटो बघून म्हणाली, "हा सकाळचा. चांगलाय." मधले दोन तिने नुसतेच पुढे सरकवले. शेवटचा आल्यावर थांबली.

"आणि हा आत्ताचा," ती म्हणाली.

"सगळे आत्ताचेच आहेत, आई."

"कसं शक्य आहे? ह्यात तर पायऱ्या दिसताहेत." तिने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. त्यातही दिवा लागलेला होता. बोट दिव्यावरच होतं.

मग तिच्या लक्षात आलं असावं. ती उठली. "छान काढलेस," म्हणाली. "मला डोसा-पीठ वाटायचंय." थोड्या वेळाने ग्राइंडर सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

मी फोनवर बोलणं टाळते, मेसेज करते. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन दोड्डम्माला फोन केला. "बोके म्हणजे काय, मला कळलंय," एवढंच म्हणाले.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "शपथ घातलीय गं तिने मला."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. जास्तच. म्हणते मोतीबिंदू आहे, सगळ्यांनाच होतो, पिकला की काढू. मी म्हटलं जाऊन दाखव तरी. ऐकेल तर शपथ." ती नाक ओढत होती. "आमच्या अप्पांना काचबिंदू होता. ते पण असंच म्हणायचे, पिकू दे, पिकू दे. शेवटी भिंतीला हात लावून चालायचे. देवळात, बाथरूममध्ये, कुठेही जायचं तर हाताला धरून न्यायचं. ते काम तुझ्या आईकडे होतं, ती धाकटी ना. शाळा सुटली की मुली खेळायच्या आणि ही अप्पांना धरून रस्त्याने चाललीय."

आजोबांबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते मी जन्मायच्या आधी गेले. काचबिंदू हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मोतीबिंदू माहीत होता. मला वाटलं, त्याचाच हा कुणी भाऊबंद असेल. फोन ठेवून मी तो शब्द शोधला, आणि त्याचं इंग्रजी नाव समोर आलं, ग्लॉकोमा. ते नाव मला चांगलं माहीत होतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याचं पोस्टर आहे. मी ते रोज वाचते, कारण लिफ्टमध्ये लोकांकडे बघावं लागू नये. नजर कडेने आत आत जात जाते. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. काहींना संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात, कपाळ दुखतं. आई-वडिलांना असेल तर मुलांना होऊ शकतो. जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं राखता येतं, पण त्यासाठी लवकर जायला हवं. पिकण्याची वाट बघत बसलं तर बघायलाच काही उरत नाही.

गच्चीवर उजेड होता. मी दोन्ही हात कानांशी धरून बोटं हलवली. मला दिसली. पुन्हा हलवली. पुन्हा दिसली.

आईशी बोलले ती दुसऱ्या दिवशी सकाळी, ती बाल्कनीत तुळशीला पाणी घालत असताना, तिच्या पाठीला. पाठीशी बोलणं सोपं जातं. "डोळे दाखवून येऊ."

तिने तांब्या खाली ठेवला. "अक्काला गप्प बसवत नाही ना?"

"तिने काही नाही सांगितलं. शब्द माझाच होता."

तिने हात पदराला पुसले. मग वळली, अख्खी. "ऐक. मला दिसतं. तुला सुईत दोरा ओवून दाखवू? पेपर वाचून दाखवू? मधलं पान वाचू की शेवटचं?" ती थांबली नाही. "सगळ्यांना कळलं की पहिली काय जाईल? चावी. तुझे अण्णा आजच्या आज काढून घेतील. मग मी रिक्षाला हात करत उभी राहू? तुला बोलावू, ये गं, मला धरून भाजीला ने? मी धरलंय गं कुणालातरी. मला माहीत आहे धरणाऱ्याला काय वाटतं ते."

एवढं एका दमात बोलून तिने तांब्या उचलला आणि ती पुन्हा तुळशीकडे वळली. कुंडी भरून पाणी वाहत होतं आणि ती ओततच होती. पाणी माझ्या पायाशी आलं तेव्हा कुठे मला कळलं की तीसुद्धा घाबरलीय. माझ्याहून जास्त.

"सरी," ती शेवटी म्हणाली. "जाऊ. पण एक अट. तिथे तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मी बोलेन. त्यांनी ठीक आहे म्हटलं की विषय संपला. अण्णांपर्यंत जायचा नाही, आणि गाडी माझी माझ्याकडे."

मी मान हलवली. मग आठवलं, मी तिच्या डावीकडे उभी होते. "हो," म्हणाले.

शनिवारी दुपारी आम्ही चालत गेलो. चालत जायची अट माझी, आणि ती तिने का कोण जाणे मान्य केली. दवाखाना लहानसा, बसायच्या खुर्च्या भिंतीला चिकटलेल्या. आधी एक मुलगी नजर तपासायची, माझ्याच वयाची, पांढरा कोट, केसांत मोगरा. डॉक्टर आतल्या खोलीत. तपासून झाल्यावर जरूर असेल त्यांनाच ती आत पाठवत होती. बाकीच्यांना चष्म्याचा नंबर देऊन सोडत होती.

आईला उंच खुर्चीवर बसवून तिने समोरच्या अक्षरांचा दिवा लावला. आईने वाचायला सुरुवात केली. वरचं मोठं अक्षर, मग खालची ओळ, मग त्याखालची. कानडी ओळी वाचल्या, इंग्रजी वाचल्या. एक डोळा झाकून वाचल्या, दुसरा झाकून वाचल्या. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारख्या खणखणीत. सगळ्यात खालची ओळ, जी मला मागून नीट लागत नव्हती, तीही वाचली.

"सूपर, मॅडम!" ती मुलगी म्हणाली. "ह्या वयात इतकं कुणी वाचत नाही." जवळचा नंबर स्वल्प वाढलाय, चष्मा बदला, अष्टे. एवढंच.

मी भिंतीशी बसले होते. माझ्या समोर आईचा तो होंगेपुढचा फोटो होता, कॅमेरा नसतानाही. मध्ये पापण्यांचे केस मोजता येतील असा चेहरा. जगातला कुणीही तो चेहरा बघून म्हणेल, किती लख्ख लेन्स आहे. मध्ये बघून त्या लेन्सचा दोष कधीच सापडणार नाही. ती मुलगी मध्येच बघत होती.

"बेरे एनादरू तोंदरे इदेया?" तिने विचारलं. आणखी काही त्रास? पेन कागदावर टेकलेलं, दुसरा हात दाराकडे, पुढच्या माणसाला बोलवायला.

"एनिल्ला," आई म्हणाली. काही नाही. पर्स उचलली. खुर्चीवरून उतरताना तिचा पाय डावीकडच्या स्टुलाला लागला आणि स्टूल फरशीवर घासत गेलं. "जागा किती लहान ठेवलीय तुम्ही," ती हसत म्हणाली, आणि ती मुलगीही हसली, सॉरी मॅडम म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. नुसते डोळे फिरवून नाही, मी तिला त्या बाजूला दिसतच नव्हते. खांद्यासकट अख्खी वळून, मला शोधून, तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ती अट होती. त्यामागे शाळेतून येऊन अप्पांचा हात धरणारी मुलगी होती. आयुष्यात असल्या खोल्यांमध्ये मी कधी बोलले नव्हते, बोलायची ती. आता उठून बाहेर पडलो तर ती सोमवारी संध्याकाळी स्कूटर काढेल, मेट्रोच्या खांबांमधून मला न्यायला येईल, आणि मी तिच्या मागे बसेन. आज नाही तर उद्या, एखादा सायकलवाला वेळेत पाय टेकणार नाही.

दार उघडलं. पुढच्या नंबरचे एक आजोबा आत यायला लागले.

मी उभी राहिले. पैंजण वाजले. त्या मुलीने वर बघितलं. शब्द कानडीत आले की इंग्रजीत, ते आता आठवत नाही. आले ते एवढ्या मोठ्याने की बाहेर बसलेल्यांनीही माना वळवल्या.

"मधलं तिला सगळं दिसतं," मी म्हणाले. "कडेचं बघा."